झीज की दोष? ब्रेकची डिस्क, वॉरंटीचं पुस्तक आणि ग्राहक कायद्याचा प्रवास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा गॅरेजमधला विषय इतिहासाच्या व्याख्यानात कसा काय? नवी गाडी, तिच्या पुढच्या चाकांमागची लोखंडी चकती आणि शोरूममधून मिळालेलं वॉरंटीचं पुस्तक, एवढंच आपलं आजचं साहित्य. पण त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाशिमसारख्या जिल्ह्यातल्या माणसाच्या थेट उपयोगाचा आहे.

प्रश्न असा. गाडी घेऊन दीड वर्ष झालं. ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं. वेग जास्त असला तर स्टेअरिंगही थरथरतं. सर्व्हिस सेंटरवाले चाक खोलतात आणि सांगतात, डिस्क खराब झाली, बदलावी लागेल. आपण म्हणतो, गाडी तर वॉरंटीत आहे. उत्तर येतं, "साहेब, डिस्क आणि पॅड झिजणारे भाग आहेत, ते वॉरंटीत बसत नाहीत." सगळा वाद एका शब्दावर येऊन थांबतो. ही झीज की दोष? झीज असेल तर खर्च आपला, दोष असेल तर कंपनीचा. हा शब्द ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता आणि तो कसा सरकत आला, हे आज आपण पाहू.

आधी चकतीची गोष्ट. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती: चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायची. पण धातूवर धातू घासून कर्कश आवाज व्हायचा, आणि पुढची कित्येक वर्षं मोटारींवर ड्रम ब्रेकचंच राज्य राहिलं. डिस्क ब्रेकचं नाव झालं ते 1953 मध्ये. त्या वर्षी फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत डनलपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली. दोनच वर्षांनी, 1955 मध्ये, सित्रोएनच्या डीएस या गाडीतून ते बाजारातल्या ग्राहकापर्यंत पोचले. कारण सरळ होतं. ड्रमच्या बंद डब्यात उष्णता कोंडते आणि तापलेला ब्रेक धरेनासा होतो. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते.

आपल्याकडे मात्र अँबेसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, कितीतरी वर्षं चारही चाकांना ड्रम लावूनच धावल्या. रस्तेही तसेच होते. अकोल्याहून वाशिमला किंवा वाशिमहून हिंगोलीला जाताना ताशी साठ हा चांगलाच वेग मानला जायचा.

आता चित्र बदललं आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. जून 2025 मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा सुरू होऊन 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आपल्या जिल्ह्यात तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. तिथे मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. हा आकडा साठच्या दुप्पट, पण ब्रेकच्या दृष्टीने चौपट. गाडीतली गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि जोरात ब्रेक मारला की त्यातली बहुतेक ऊर्जा चकतीत उष्णता होऊन उतरते. म्हणून जी थरथर गावात कळतही नाही, ती समृद्धीवर छातीत धडकी भरवते.

या थरथरीला आपण सर्रास "डिस्क वाकली" म्हणतो. पुष्कळदा चकती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. फरक मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा असतो, पण तेवढाही पायाला जाणवतो. याची कारणं अनेक. तापलेल्या पॅडचा थर चकतीवर एका जागी चिकटतो. चाकाचे नट कमी-जास्त आवळले, तर चकती किंचित तिरकी बसते. चकतीच्या ओतकामात किंवा मशीनकामात कसर राहिलेली असू शकते. किंवा कॅलिपर अडकतो, म्हणजे पाय काढला तरी पॅड घासतच राहतो. पहिलं कारण वापराचं. दुसरं ज्याने चाक बसवलं त्याचं, मग ते सर्व्हिस सेंटर असो की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. तिसरं कारखान्यातलं. चौथ्यात चकती खरोखरच झिजलेली दिसते, पण मूळ बिघाड कॅलिपरमध्ये असतो. चकती एकच, लक्षण एकच, पण जबाबदार वेगळे. नुसतं बघून "झीज आहे" म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही. मायक्रोमीटरने जाडी मोजावी लागते, डायल गेजने चकतीचं डोलणं तपासावं लागतं.

इथे एक खुलासा. एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल खडखडलं, तर ते बहुधा एबीएस असतं. 2019 पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या मोटारींत ते सक्तीचं आहे आणि तो खडखडाट त्याचं काम आहे. हलका ब्रेक लावतानाही धडधड आली, तर ती आपली आजची थरथर.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे खरेदी-विक्रीचा मूळ कायदा 1930 चा, वस्तू विक्री अधिनियम. त्याच्या मुळाशी इंग्रजी कायद्यातलं जुनं सूत्र आहे: घेणाऱ्याने बघून घ्यावं. त्याला अपवाद आहेत, पण एक तरतूद बघण्यासारखी आहे. एखादी विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने घेतली, तर ती तुमच्या विशिष्ट कामाला योग्य असेल अशी अट गृहीत धरली जात नाही. म्हणजे नाव बघून घेतलंत ना, मग आता तक्रार कशाला!

याच कायद्यात आणखी एक भेद आहे, आणि आपल्या विषयाची किल्ली तिथे आहे. विक्रेत्याचं वचन दोन प्रकारचं असतं. एक "अट", म्हणजे कराराचा गाभा. ती मोडली तर खरेदीदार वस्तू नाकारू शकतो. दुसरं "वॉरंटी", म्हणजे जोडवचन. ते मोडलं तर भरपाई मागता येते, वस्तू परत करता येत नाही. आपण वॉरंटी म्हणजे केवढी मोठी हमी समजतो, पण कायद्याच्या भाषेत ते दोन वचनांपैकी धाकटं वचन आहे.

आणि त्या काळी दाद मागायची तर दिवाणी न्यायालय. वकील, कोर्ट फी, वर्षानुवर्षांच्या तारखा. गाड्या अशा दुर्मीळ, की नंबर लावून वर्षं काढायची आणि मिळाली की पेढे वाटायचे. तिथे ब्रेकची तक्रार कोण करणार?

हे बदलायला चळवळ लागली. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. जगातही वारं तसंच होतं. केनेडींनी 15 मार्च 1962 ला अमेरिकी काँग्रेसपुढे ग्राहकांचे हक्क मांडले होते, संयुक्त राष्ट्रांनी 1985 मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यानंतर 24 डिसेंबर 1986 ला आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा झाला. हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. झीज की दोष, हे ठरवण्याचा अधिकार शोरूमच्या काउंटरवरून पहिल्यांदा हलला तो इथे. तपासणीशिवाय दोष कळत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची आणि अहवालावर निर्णय द्यायचा, ही सोय या कायद्याने केली.

पण वाशिमच्या माणसाची अडचण संपली नव्हती. आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला, तोवर जिल्हा मंच म्हणजे अकोलाच. जिल्हा झाल्यावरही, गाडी नागपूर किंवा पुण्याहून घेतली असेल, तर तक्रार साधारणपणे विक्रेत्याच्या गावी किंवा जिथे व्यवहार झाला तिथे करावी लागे. काही हजारांच्या डिस्कसाठी नागपूरला किती खेपा घालायच्या? माणूस हिशेब करायचा आणि गप्प बसायचा.

ते "धाकटं वचन" 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा समोर आलं. मारुतीच्या एका गाडीच्या क्लचमध्ये दोष होता आणि अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. न्यायालयाने म्हटलं, वॉरंटी आहे ती दोष असलेला भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची, म्हणून पूर्ण गाडीचा आदेश टिकत नाही. काहींना हा निकाल ग्राहकाच्या विरोधातला वाटतो. पण त्याची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. भाग बदलून देणं हे कंपनीने स्वतः लिहून दिलेलं बंधन आहे, तो उपकार नव्हे.

नवा ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, तो लागू झाला 20 जुलै 2020 ला. त्याने वाशिमसाठी सर्वांत मोठी गोष्ट केली: ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी पुण्याची असो की नागपूरची, सुनावणी वाशिमला. ऑनलाइन तक्रारही नोंदवता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या किमतीवर ठरते, सध्या ती 50 लाख. आठ लाखांच्या गाडीसाठी फी 200 रुपये. काळी-पिवळी चालवून घर चालवणाराही यात येतो, कारण उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू "व्यापारी हेतू"त धरली जात नाही.

याच कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष ब्रेकमुळे अपघात होऊन इजा झाली, तर त्याखाली उत्पादकाकडे भरपाई मागता येते. मात्र नुसती चकतीच खराब झाली, तर ते नुकसान त्या प्रकरणात बसत नाही. त्यासाठी "सदोष वस्तू" ही नेहमीचीच तक्रार करायची.

दोष एकाच गाडीत नसेल तर? मारुतीने मे 2018 मध्ये ब्रेकच्या व्हॅक्यूम होजसाठी स्विफ्ट आणि बलेनो मिळून 52,686 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ऑक्टोबर 2022 मध्ये मागच्या ब्रेकच्या पिनसाठी 9,925 गाड्या बोलावल्या. 2021 पासून सरकारही असं परत बोलावणं सक्तीचं करू शकतं. गाडीचा चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून आपली गाडी यादीत आहे का, हे पाहता येतं.

मग आज हा शब्द कोण ठरवतो? कायद्याने आयोग, पण आयोग ठरवतो कागदावरून. वाशिमच्या श्रोत्यांना हे पटवायची गरज नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेबद्दल आपण बोलू शकतो ते विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशिमला 1939 मध्ये सापडला म्हणून. गाव कुणाला दिलं, कोणत्या सवलतींसह दिलं, ते कोरून ठेवलं होतं म्हणून आज कळतं.

आपला ताम्रपट म्हणजे जॉब कार्ड. थरथर पहिल्यांदा जाणवली की गाडी दाखवा आणि तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: किती वेगाला, हलक्या ब्रेकला की जोरात, किती किलोमीटर झाले. "जनरल चेकअप" एवढ्यावर सही करू नका. डिस्कची मोजलेली जाडी आणि डोलणं लिहून मागा. कमीत कमी किती जाडी चालते, ते बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. आकडा त्याच्या वर असूनही थरथर असेल, तर "झिजली" हे उत्तर अपुरं आहे. नकार मिळाला तर तोही लेखी घ्या. जुनी डिस्क परत मागून जपून ठेवा, प्रयोगशाळेत पाठवायची वेळ आली तर तीच पुरावा. आणि तक्रारीत डीलर व कंपनी दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका ग्राहकाला 2011 च्या मॉडेलच्या नावाखाली 2009 ची गाडी दिली गेली होती. त्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं आणि जबाबदारी डीलरची ठरवली. कुणाची चूक कुणाच्या खात्यावर जाईल, हे आधी सांगता येत नाही.

मुदत आहे दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" हे वाक्य ऐकण्यात ती सहज सरते, तेव्हा पहिल्याच जॉब कार्डची तारीख लक्षात ठेवा. आता आपले प्रश्न घेऊ.