कांदेपोह्यांचा सामना

२२ मे २०१८. वानखेडेवर संध्याकाळी सात वाजता चेन्नई आणि हैदराबाद यांच्यात आयपीएलची पहिली क्वालिफायर होती. त्याआधी त्याच मैदानावर, दुपारी दोन वाजता, अजून एक सामना झाला. एका बाजूला स्मृती मानधनाच्या ट्रेलब्लेझर्स, दुसऱ्या बाजूला हरमनप्रीत कौरच्या सुपरनोव्हाज. संघांत एलिस पेरी, सुझी बेट्स, मिताली राज, झुलन गोस्वामी आणि आपल्या भांडुपची सतरा वर्षांची जेमिमा रॉड्रिग्ज. ट्रेलब्लेझर्सनी १२९ धावा केल्या, सुपरनोव्हाजनी शेवटच्या चेंडूवर त्या पार केल्या. यापेक्षा रंगतदार टी-ट्वेन्टी काय असते? पण स्टँड जवळपास रिकामे होते.

त्या दिवशी मंगळवार होता. गोरेगावहून चर्चगेटला स्लो लोकलने तासभर लागतो. नेस्कोत नोकरी करणारा माणूस रजा टाकल्याशिवाय दुपारी दोनला वानखेडेवर पोचू शकत नाही. तरी प्रश्न मात्र ठरलेलाच: ‘बायकांचं क्रिकेट बघायला येतं कोण?’

अशा सामन्याला अमेरिकेत ऑल-स्टार गेम म्हणतात. तिथे महिलांची बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, १९९७ साली सुरू झाली. पहिला ऑल-स्टार सामना झाला १४ जुलै १९९९ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. म्हणजे आधी लग्न, मग रिसेप्शन. आपल्याकडे लीगचा पत्ता नव्हता आणि स्टार मंडळींचा सामना आधी. हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. मुलींनी खेळून दाखवायचं, मग मंडळी विचार करून कळवणार.

विचार पाच वर्षं चालला. २०१९ला जयपूरमध्ये तीन संघ आणि चार सामने. २०२०ला शारजात पुन्हा तेवढेच. २०२१ला काहीच नाही. २०२२ला पुण्याजवळ गहुंजेला पुन्हा चार सामने. तिथे सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने ३४ चेंडूंत ६९ धावा फटकावल्या. ती तेव्हा नागालँडकडून खेळत होती. आपली गुणवत्ता दाखवायला तिच्यासारखीला वर्षातून मिळत होते ते हे मोजके दिवस.

मग २५ जानेवारी २०२३ला महिला प्रीमियर लीगचे पाच संघ ४,६६९.९९ कोटींना विकले गेले. पुढच्याच महिन्यात लिलावात स्मृतीला ३.४० कोटी मिळाले, किरणला ३० लाख. पहिल्या मोसमाचे सगळे २२ सामने मुंबई आणि नवी मुंबईत झाले, त्यातले बहुतेक संध्याकाळी साडेसातला. ऑफिस सुटल्यावर जाता येईल अशा वेळी. लोक आले.

स्मृती, हरमनप्रीत, जेमिमा २०१८मध्येही होत्याच. त्या अचानक चांगल्या खेळायला लागल्या, असं झालं नाही. बदलली ती सामन्याची वेळ आणि त्यामागचा पैसा.

ऑल-स्टार सामन्याचा वेगळा उपयोगही करता येतो. १९ जुलै २०२५ला इंडियानापोलिसमध्ये डब्ल्यूएनबीएच्या खेळाडू सरावाला एकसारखे टी-शर्ट घालून उतरल्या. त्यावरच्या मजकुराचा अर्थ होता: आमचं देणं आम्हाला द्या. लीगच्या कमाईतल्या वाट्यावरून तेव्हा कराराची बोलणी चालू होती. सगळ्या मोठ्या खेळाडू एकाच मैदानात आणि सगळे कॅमेरे त्यांच्यावर, असा दिवस वर्षातून एकदाच येतो. तो त्यांनी बरोबर वापरला. पण त्यांच्या पाठीशी अठ्ठावीस वर्षांची लीग आणि खेळाडूंची संघटना होती. कांदेपोहे घेऊन उभी असलेली मुलगी अटी कशा घालणार?

२ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताने वर्ल्ड कप जिंकला. डी. वाय. पाटील स्टेडियम खच्चून भरलं होतं. कर्णधार हरमनप्रीत, उपकर्णधार स्मृती, संघात जेमिमा. वानखेडेवरच्या त्या रिकाम्या दुपारच्याच तिघी.

उद्या बास्केटबॉल, कबड्डी, हॉकी, कुठल्याही खेळातल्या मुलींबद्दल कोणी म्हणालं की बघायला कोणी येत नाही, तर आधी एवढंच विचारा: सामना किती वाजता ठेवला होता?