बहात्तरच्या दुष्काळातली पोरं

आज दिंडीत टाळ घेऊन चालणारे आम्ही कैक जण १९७२ साली सात-आठ वर्षांची पोरं होतो. विहिरी आटल्या, दावणीची जनावरं कवडीमोलानं गेली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आईबाप खडी फोडायचे, आम्ही धाकट्यांना बाभळीखाली सांभाळायचो. रेशनवर परदेशी तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकर घशाखाली उतरत नसे. कामावर सुकडी वाटत. ती गोड, म्हणून आम्हाला तो सणच वाटे! थोरल्या बहिणी मात्र आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून घरी म्हाताऱ्यांना न्यायच्या. वाटेत मागितली तर रागवायच्या. पुढं पाऊस झाला, आम्ही शाळेत परतलो. त्यांची दप्तरं खुंटीवरच राहिली.