डालड्याचा डबा आणि आईची काठवट

आज नगरपालिका नाही, पाण्याची टाकी नाही, रस्त्यातले खड्डेही नाहीत. आज जरा पोटाबद्दल बोलू. पोस्ट लांब आहे, पण चहा घेऊन निवांत वाचा. चहाबरोबर बिस्किट मात्र नको, कारण पुढे कळेलच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर निघाली ८.४. डॉक्टर म्हणाले, दिवसभरात काय काय खाता ते आठवडाभर लिहून आणा. लिहिणं हा तर आपला धंदाच. लिहिलं आणि वाचून माझं मलाच कसंतरी झालं. सकाळी चहा-बिस्किट, तहसीलवर वडापाव, पत्रकार परिषदेत सामोसा आणि कोल्ड्रिंक, संध्याकाळी फरसाण, आणि बातमी पाठवायला उशीर झाला की रात्री नूडल्सचं पाकीट. सात दिवसांत भाकरी किती वेळा? शून्य. आणि मी राहतो कुठं? सोलापूर जिल्ह्यात, जिथल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय.

घरी येऊन आईला म्हणालो, डॉक्टर भाकरी खा म्हणतात. आई हसली. म्हणाली, "शाळंत डब्यात भाकरी दिली की रडत घरी यायचास तू. चपातीच पायजे म्हणायचास. आता भाकरी औषध झाली व्हय?"

हे वाक्य डोक्यातनं जाईना. भाकरीची लाज वाटायला आपल्याला शिकवलं कुणी? म्हणून जरा मागं जाऊन बघितलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. "जुनं ते सगळं सोनं" हे सांगायला मी बसलेलो नाही. आईची आई पहाटे चारला उठून जात्यावर बसायची. घरात दहा-बारा माणसं, रोजचं दळण रोज. त्या कष्टातनंच ओव्या आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या ऐकल्या तर त्यात भक्ती आहे, भाऊराया आहे, आणि दुखणारे हातही आहेत. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा कुठल्याही बाईनं जात्यासाठी अश्रू ढाळले नसतील. यंत्र आलं ते बरंच झालं. प्रश्न एवढाच, की यंत्रापाठोपाठ स्वयंपाकघरात आणखी काय काय शिरलं.

पहिला मोठा पाहुणा म्हणजे डालडा. साल १९३७. पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते तुपासारखं रवाळ, घट्ट करायचं आणि डब्यात भरून विकायचं. ज्याला साजूक तूप परवडत नाही त्याला तुपाचं समाधान. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. डबा रिकामा झाला की त्यात डाळ, नाहीतर तुळस. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत डालड्यातली बुंदी हा मोठेपणा होता. तुपात याची भेसळ पुढं इतकी वाढली, की वनस्पतीत ठराविक प्रमाणात तिळाचं तेल घालायची सक्ती सरकारनं केली. का? तर तिळाच्या तेलामुळं चाचणीत रंग उमटतो आणि भेसळ पकडता येते.

त्याच काळात महाराष्ट्रातच दुसरी बाजूही मांडली जात होती. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याला मगनवाडीत. सूत्रं जे. सी. कुमारप्पांकडे, म्हणजे परदेशात शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञाकडे. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, ताजं दळलेलं पीठ, हा त्यांचा आग्रह. गांधीजींचा वनस्पती तुपाला विरोध होता. पुष्कळांना हा म्हातारपणचा हट्ट वाटला. पण त्यामागं विज्ञान होतं. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरनं पाहिलं होतं, की नुसत्या पॉलिश तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि तांदळाचा कोंडा दिला की बऱ्या होतात. १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. आपण ज्याला कोंडा म्हणून गुरांपुढं टाकत होतो, त्यातच जीवनसत्त्व होतं. कुमारप्पांचा मुद्दा तर आणखी पुढचा होता. तांदूळ गिरणीत गेला की सत्त्वही जातं आणि गावातली मजुरीही जाते.

ऐकलं कुणी? फारसं नाही. कारण पुढं आला भुकेचा काळ.

१९५६ पासून पीएल-४८० करारानं अमेरिकेचा गहू येऊ लागला. मग आला १९७२ चा दुष्काळ. आई तेव्हा सतरा वर्षांची. खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेली लालसर मिलो ज्वारी. ती भाकरी घशाखाली उतरायची नाही, असं ती आजही सांगते. ज्या भागात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, त्या भागातल्या लोकांनी परदेशी मिलोसाठी रांगा लावल्या. त्यानंतर ज्याच्या मनात भाकरी म्हणजे दुष्काळ आणि चपाती म्हणजे सुगी असं बसलं, त्याला नावं कशी ठेवायची? हरितक्रांतीचा गहू आला, रेशनवर स्वस्त मिळाला. सणाची चपाती रोजची झाली. यात वाईट काही नव्हतं. लोकांची पोटं भरली.

खरा घसरगुंडीचा रस्ता त्याच्या पुढचा. १९८३ साली मॅगी आली, दोन मिनिटांत. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलावर फरसाणच्या, वेफर्सच्या भट्ट्या गावोगाव पेटल्या. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलानं साठहून जास्त माणसं गेली. सुटं तेल म्हणजे धोका आणि पिशवीतलं म्हणजे सुरक्षित, हे मनात पक्कं झालं. भीती खरी होती, पण त्यात आपल्या पेठेतला तेलघाणाही बंद पडला. आज त्या जागेवर मोबाइलचं दुकान आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, करडई गाळायच्या दिवशी वास पार एसटी स्टँडपर्यंत यायचा.

आणि डालड्याचं काय झालं? तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला घातक, हे कळायला अर्धं शतक गेलं. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडं तेल-तुपात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली. १९३७ ते २०२२. पंच्याऐंशी वर्षं. तोवर किती पंगती उठून गेल्या!

२०१९ साली अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेत एक प्रयोग झाला. वीस माणसं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. ताटात वाढलेल्या साखर, मीठ, चरबी, तंतू यांचं प्रमाण सारखंच, आणि खा हवं तेवढं. पाकीटबंद अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. म्हणजे दोष फक्त आपल्या जिभेचा नाही, ते अन्नच असं आहे की हात थांबत नाही. आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत, असं आयसीएमआरचा २०२३ चा अभ्यास सांगतो. त्यातला एक मी.

आता घरची गोष्ट. ठरवलं, पाकिटं बंद. ज्वारी आणली, मटकी-हुलगे आणले, शेंगदाणे, जवस, कारळं आणलं. पंधरा दिवस छान गेले. सोळाव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, साखर तुमची, आणि कंबर माझी मोडतेय." ती शाळेत शिकवते. सकाळी सातला बाहेर. दोन वेळच्या भाकऱ्या, चटण्या, मोड आणणं, निवडणं, सगळं तिच्याच डोक्यावर. मी नुसता निर्णय घेतला होता, अंमलबजावणी तिच्याकडं. अगदी सरकारसारखं.

तेव्हा लक्षात आलं, पाकीट आपल्या घरात का आलं ते. बाईच्या कष्टाची किंमत घरातल्या कुणीच मोजली नाही, ती कंपनीनं मोजली. आणि पाकिटात भरून विकली.

मग आईनं मला काठवटीपुढं बसवलं. पहिल्या आठवड्यात भाकरीचा नकाशा व्हायचा. आई म्हणायची, "पिठाची विरी गेलीय, उकळतं पाणी घाल." आज सांगायला लाज नाही, उलट अभिमान आहे. संध्याकाळच्या भाकऱ्या मी करतो. सगळ्याच फुगत नाहीत, पण पापुद्रा सुटतो. मुलगा मटकी निवडतो. आठ महिन्यांनी साखर ६.९ वर आली. गोळी चालू आहे, चालणं चालू आहे. भाकरीनंही साखर वाढते, दोनावर तिसरी घ्यायची नाही. तेव्हा ही पोस्ट वाचून कुणी औषध बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.

ज्यांच्या घरी करायला माणूसच नाही त्यांचं काय? त्याचंही उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. घरचं अन्न, पण फुकटच्या कष्टाचं नाही.

म्हणून गावापुढं तीन गोष्टी ठेवतो. एक, बाजार समितीजवळचे रिकामे गाळे बचतगटांना भाकरी-भाजी केंद्रासाठी कमी भाड्यानं द्या. दोन, शाळांच्या फाटकासमोरची पाकिटांची दुकानं हलवा. तीन, पत्रकार परिषदेत सामोसा बंद, भाजलेले शेंगदाणे आणि ताक चालू. तिसरी गोष्ट माझ्या हातात आहे, ती या महिन्यापासून सुरू करतोय. नेतेमंडळींनी नोंद घ्यावी.

काल मुलानं डबा उघडून बघितला. भाकरी, शेंगाचटणी, मटकीची उसळ. मी जरा धास्तावलोच होतो. तो म्हणाला, "दोन जास्त दे, मित्र मागतात."

आईनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही.

तुमच्या घरात भाकरी कोण करतं? खरं खरं कॉमेंटमध्ये लिहा. आणि ज्यांच्या घरी ती एकटी बाईच करते, त्यांनी ही पोस्ट आधी नवऱ्याला वाचायला द्या.