डेम्लो संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढत जाऊन पुन्हा एकपर्यंत उतरणारी १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच राहते. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) दिलेल्या स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी येतो, त्या यादीत यापुढे केवळ 'परार्ध' उरते.

ही संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग होय. गुणाकार कागदावर मांडला, की त्याचे कारण उमगते. नऊ एकांची ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा लिहावी लागते. त्यामुळे उभ्या स्तंभांतील एकांची संख्या एक, दोन, तीन अशी वाढत मध्यभागी नऊ होते व त्याच क्रमाने उतरते. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नसल्याने हातचा येत नाही. दहा एकांचा वर्ग केल्यास मात्र मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येऊन सममिती भंग पावते.

या संख्येतील अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. आपल्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असणाऱ्या अशा संख्येस 'हर्षद' म्हणतात. उलट ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. तिचे मूळ अवयव तीनच : ३ (चार वेळा), ३७ व ३३३६६७ (प्रत्येकी दोन वेळा). त्यामुळे तिला एकूण ४५ विभाजक आहेत.

'हर्षद' व 'डेम्लो' ही दोन्ही नावे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी दिली. 'डेम्लो' हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. तेथेच त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. १, १२१, १२३२१ या मालिकेस 'अद्भुत डेम्लो' म्हणतात. कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शिक्षक होते. ही देवळाली म्हणजे राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा नव्हे, तर शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील.

पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाचे संशोधन देशातील अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगाचे लक्ष वेधले गेले. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' आज जगभर अभ्यासला जातो. वर्गातील फळा आणि खडू एवढ्याच साधनांनी गणिताचे नवे दालन उघडता येते, याची साक्ष या संख्या देतात.