ओरखडा की तडा? घड्याळाच्या काचेची दोनशे वर्षांची गोष्ट

१/१८
नव्या स्मार्टवॉचवर पहिला ओरखडा उमटतो, तो दिवस बहुतेकांच्या लक्षात राहतो. दाराची चौकट, जिन्याचा कठडा, दुचाकी लावताना भिंतीला घासलेले मनगट. आवाज क्षणाचा, खूण कायमची. पुढचे काही दिवस वेळेच्या आधी तो ओरखडाच डोळ्यांत भरतो. ही हळहळ नवी नाही. घड्याळ खिशातून मनगटावर आले, तेव्हापासून माणसाला ती सोसावी लागली आहे. तिच्यातून वाट काढताना आपल्यापूर्वीच्या लोकांनी ज्या निवडी केल्या, त्यांचा हा इतिहास.

२/१८
सुरुवात घड्याळापासून नव्हे, दगडांपासून करावी लागेल. १८१२ साली फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दहा खनिजांची एक उतरंड मांडली. कसोटी अगदी साधी होती : कोणता दगड कोणत्या दगडावर ओरखडा उमटवू शकतो? सर्वांत खाली नखानेही चरा पडणारा शंखजिरा, क्रमांक १. सर्वांत वर हिरा, क्रमांक १०. आज कोणत्याही घड्याळाच्या जाहिरातीत काचेच्या काठिण्याचा आकडा दिसतो, तो बहुधा याच मोजपट्टीवरचा असतो.

३/१८
या मोजपट्टीवर साधी काच साडेपाचच्या आसपास येते आणि क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटीचे खनिज, सातव्या क्रमांकावर. आपल्या ओरखड्यांचे रहस्य या दोन आकड्यांत आहे. वाळूत क्वार्ट्‌झ असते, भिंतीच्या गिलाव्यात वाळू असते आणि रस्त्यावरच्या धुळीत या दोन्हींचे कण असतात. म्हणून सदऱ्याच्या टोकाने घड्याळाची धूळ पुसणारा सज्जन माणूसही नकळत काचेवर कानस चालवत असतो. खिशातल्या किल्ल्यांपेक्षा वाळूचा एक कण काचेचा मोठा वैरी ठरतो.

४/१८
मग काच अधिक कठीण केली की प्रश्न सुटला, असे वाटेल. येथेच खरी मेख आहे. काठिण्य आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. कठीण पदार्थ ओरखडा सोसतो, चिवट पदार्थ आघात सोसतो. हिऱ्यासारखा कठीण पदार्थ नाही, पण नेमक्या ठिकाणी घाव बसला की तोही दुभंगतो. रबरावर सहज चरा पडतो, पण ते फुटत नाही. घड्याळाच्या काचेचा सारा इतिहास या दोन गुणांच्या ओढाताणीचा आहे. ओरखडा पत्करायचा की तडा?

५/१८
खिशातल्या घड्याळाला हा प्रश्न फारसा छळत नसे. ते कोटाच्या आतल्या खिशात, मऊ कापडाच्या घडीत नांदत असे. अनेक घड्याळांना काचेवर धातूचे झाकणही असे. वेळ पाहायची तर घड्याळ बाहेर काढायचे, कळ दाबून झाकण उघडायचे, वेळ पाहायची आणि पुन्हा झाकायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपात मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा दागिना समजला जाई. पुरुषाने मनगटावर घड्याळ बांधणे काहीसे हास्यास्पदच मानले जात असे.

६/१८
ही समजूत युद्धाने मोडली. बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैनिक आपली खिशातली घड्याळे चामड्याच्या पट्ट्यात बसवून मनगटावर बांधू लागले. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ही सोय गरज बनली. तोफांचा मारा ठरलेल्या मिनिटाला थांबायचा आणि त्याच मिनिटाला पायदळाने खंदकाबाहेर पडायचे. एका हातात बंदूक असताना खिशातून घड्याळ काढून झाकण उघडण्याइतकी फुरसत तेथे कोणाला असणार?

७/१८
मात्र मनगटावर आलेली काच उघडी पडली. चिखल, दगड, तोफगोळ्यांचे तुकडे, सारे तिच्यावर येऊ लागले. त्यावर दोन उपाय निघाले. एक, काचेवर बसवायची धातूची जाळी. तिच्या फटींतून काटे आणि आकडे दिसत. दुसरा, काचेऐवजी सेल्युलॉइडचे आवरण. ‘न फुटणारी काच’ म्हणून ते विकले जाई. ते काचेसारखे फुटत नसे हे खरे. पण ते पिवळे पडे, त्यावर चरे उमटत आणि ते ज्वालाग्राहीही होते. तरीही लोकांनी ते घेतले. ज्याला ओरखडा आणि अंधळे घड्याळ यांतून एकच निवडायचे आहे, तो ओरखडाच निवडतो.

८/१८
याच गोष्टीचा एक धागा भारतात येतो. घड्याळाच्या इतिहासात असे सांगितले जाते, की १९३० च्या सुमारास सेझार द त्रे नावाचे स्विस घड्याळ व्यापारी भारतात आले असता ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे एक गाऱ्हाणे मांडले : पोलो खेळताना घड्याळाची काच फुटते. त्यातून ‘रिव्हर्सो’ जन्मले. ४ मार्च १९३१ रोजी रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी पॅरिसमध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. या घड्याळाची तबकडी चौकटीतच उलटी फिरवता येते. मग काच मनगटाकडे आणि धातूची पाठ बाहेर. चेंडूचा मार पाठीने खायचा.

९/१८
रिव्हर्सोचा उपाय देखणा होता, पण मोजक्यांच्या ऐपतीतला. सर्वसामान्यांसाठी उत्तर सापडले ते रसायनशास्त्रात. १९३० च्या दशकात ॲक्रिलिक हे पारदर्शक प्लास्टिक बाजारात आले. जर्मनीत १९३३ साली त्याला ‘प्लेक्सिग्लास’ हे व्यापारी नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांना ते वापरले गेले आणि पुढे कोट्यवधी घड्याळांवर बसले. ते हलके, चिवट आणि स्वस्त होते. दोष एकच : नुसत्या बाहीने घासले तरी त्यावर बारीक रेषा उमटत.

१०/१८
आपल्या घरांतली जुनी एचएमटी घड्याळे आठवून पाहा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. तेथून निघालेल्या कितीतरी घड्याळांवर हीच ॲक्रिलिकची ‘काच’ असे. वर्षभरात ती धुरकट होई. मग घड्याळ गावातल्या घड्याळजीकडे जाई. डोळ्याला भिंग लावून बसलेला तो कारागीर काच घासून पुन्हा चकचकीत करी. फारच खराब झाली असेल तर नवी बसवून देई. ओरखडा ही तेव्हा बातमी नव्हती, नित्याची देखभाल होती. वडिलांचे घड्याळ मुलाच्या मनगटावर जाई ते याच बळावर.

११/१८
ॲक्रिलिक म्हणजे गरिबाची तडजोड, असा समज असेल तर चंद्राकडे पाहावे. १ मार्च १९६५ रोजी नासाने ओमेगाच्या ‘स्पीडमास्टर’ घड्याळाला मानवी अंतराळ मोहिमांसाठी मान्यता दिली. त्याची काच ॲक्रिलिकचीच होती. तिच्या बाजूने असलेले कारण विचार करण्याजोगे आहे. भारहीन अवस्थेतल्या यानात काच फुटली तर तिचे कण खाली पडत नाहीत. ते हवेत तरंगतात, डोळ्यांत आणि श्वासात जाऊ शकतात. तेथे ओरखडा चालेल, ठिकऱ्या चालणार नाहीत.

१२/१८
ही निवड शहाणपणाची होती, पण अभेद्य नव्हती. १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत, चंद्रावरच्या दुसऱ्या फेरीनंतर डेव्हिड स्कॉट यांना आपल्या ओमेगा घड्याळाची काच निखळून गेलेली आढळली. तिसऱ्या फेरीत त्यांनी सोबत आणलेले स्वतःचे बुलोव्हा घड्याळ बांधले. २०१५ साली त्या बुलोव्हाचा लिलाव झाला आणि त्याला सोळा लाख डॉलरहून अधिक किंमत आली. पेटीतले नवेकोरे घड्याळ काही शे डॉलरचे. चंद्रावर वापरलेले सोळा लाखांचे. वापर म्हणजे केवळ ऱ्हास नव्हे, याचा याहून रोकडा पुरावा कोणता?

१३/१८
आता दुसरा मार्ग पाहू. मोसच्या मोजपट्टीवर हिऱ्याच्या खालोखाल, नवव्या क्रमांकावर, एक खनिज आहे : कोरंडम. हा शब्द मूळचा आपल्याच भूमीतला. तमिळमधील ‘कुरुंदम’ आणि संस्कृतमधील ‘कुरुविंद’ ही त्याची मुळे. मराठीतला कुरुंद तोच. क्रोमियमचा अंश असला की तो माणिक होतो. लोह आणि टायटॅनियमचा अंश असला की नीलम. एकाच दगडाची ही दोन राजस रूपे, आणि धार लावण्यासाठी वापरला जाणारा खरखरीत कुरुंद हे तिसरे, कष्टकरी रूप.

१४/१८
१९०२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्नॉय यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी दोन हजार अंशांहून अधिक तापमानाच्या ज्योतीतून खाली सोडून कृत्रिम माणिक घडवण्याची रीत जाहीर केली. घड्याळातील चक्रांच्या आसांना आधार देणारे ‘ज्वेल्स’ त्यामुळे स्वस्त झाले. अनेक एचएमटी घड्याळांवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले असे, ते हेच. पुढे रंगहीन कृत्रिम नीलमाच्या चकत्या काचेच्या जागी आल्या. १९६२ साली राडोने कठीण धातू आणि नीलमाची काच असलेले ‘डायास्टार’ ओरखडे न पडणारे घड्याळ म्हणून बाजारात आणले. किल्ल्या, वाळू, गिलावा, काहीच त्या काचेवर उमटेना. पण फरशीवर नेमका कोपरा आपटला, तर तीच काच तडकू शकते.

१५/१८
तिसरा मार्ग काढला तो १९६० च्या दशकात, अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने. काच वितळलेल्या क्षारात बुडवली, की तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. गच्च भरलेल्या लोकलच्या डब्यात बारीक माणसांच्या जागी दांडगी माणसे शिरावीत, तसा पृष्ठभाग आतून दाबला जातो. तडा पसरायचा तर आधी हा दाब मोडावा लागतो. त्या काळी या काचेला मोठे गिऱ्हाईक मिळाले नाही. २००७ साली आयफोन आला आणि तिचे भाग्य उजळले.

१६/१८
२०१५ साली ॲपल वॉच विक्रीस आले तेव्हा दोन्ही परंपरा एकाच दुकानात शेजारी मांडल्या गेल्या. ॲल्युमिनियमच्या घड्याळावर आयनांनी बळकट केलेली काच, स्टीलच्या घड्याळावर नीलमाची. पहिली आघाताला अधिक सरस, दुसरी ओरखड्याला. गंमत म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीवरचा रंगीत थरही ॲल्युमिनियम ऑक्साइडचाच, म्हणजे रसायनाने कुरुंदाचा भाऊबंद. पण तो अतिशय पातळ असतो आणि त्याखालचा धातू मऊ. चरा खोल गेला की रंगाखालची चांदीसारखी रेघ उघडी पडते. स्टील घासून पुन्हा उजळता येते. येथे मात्र घासले तर उरलेला रंगही जातो.

१७/१८
मग आजचा ओरखडा अधिक का बोचतो? कारण काचेचे काम बदलले. पूर्वी ती झाकण होती, आता ती पडद्याला चिकटवलेला त्याचाच भाग आहे. काच बदलायची म्हणजे बहुधा पडदाच बदलायचा, आणि तो खर्च ऐकून माणूस नव्या घड्याळाचा विचार करू लागतो. ॲक्रिलिकवर दंतमंजन चोळण्याचा जुना घरगुती उपायही येथे लागू पडत नाही. त्याने चरा जात नाही, बोटांचे तेलकट डाग रोखणारा वरचा लेप मात्र झिजतो. ओरखडा आजोबांच्या घड्याळावरही होता. त्यांच्यापाशी घड्याळजी होता, आपल्यापाशी तो उरलेला नाही. आपली हळहळ दिसण्यापुरती नाही. दुरुस्तीचा हक्क हातून निसटल्याची ती जाणीव आहे.

१८/१८
म्हणून ओरखड्यासोबत जगायचे तर तो आधी ओळखावा. नखाला न लागणारी बारीक रेघ सहसा निरुपद्रवी असते. नखाला अडणारा, काठापासून निघणारा चरा मात्र उद्याच्या तड्याचे मूळ असू शकतो, त्याकडे लक्ष द्यावे. घड्याळ पुसण्याआधी त्यावरची धूळ फुंकून किंवा झटकून टाकावी. आणि एक ध्यानात ठेवावे : स्मार्टवॉच बहुधा चऱ्यांनी मरत नाही. दरवर्षी थोडी थोडी क्षीण होणारी बॅटरी आणि थांबलेली सॉफ्टवेअर अद्यतने त्याला आधी निवृत्त करतात. घड्याळ घेताना काच किती कठीण, यासोबत बॅटरी बदलून मिळते का, हेही विचारावे. खंदकातल्या सैनिकाने आणि चंद्रावरच्या प्रवाशाने ओरखडा पत्करला तो वेळ दिसत राहावी म्हणून. आपल्या मनगटावरची रेघही तेच सांगते : काच घासली गेली, पण फुटली नाही.

घरातल्या कपाटात एखादे धुरकट काचेचे जुने घड्याळ असेल, तर आज बाहेर काढा, चावी देऊन पाहा आणि त्यावरच्या ओरखड्यांची गोष्ट येथे जरूर लिहा.