गावात राहणे : धर्मगुरूंच्या सेवेच्या अभ्यासाला प्रस्तावना

चिंचोटी हे नाव बहुतेकांना धबधब्यामुळे माहीत असते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कामण-भिवंडीकडे फुटणारा रस्ता, तुंगारेश्वरच्या पायथ्याचे आदिवासी पाडे आणि गेल्या काही दशकांत उभे राहिलेले कारखान्यांचे गाळे नि गोदामे, एवढा या भागाचा ऐवज. वसईच्या ख्रिस्ती समाजाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येते ती पश्चिमेची बाजू. पापडी, सांडोर, रमेदी, नंदाखाल, आगाशी. केळीच्या नि फुलांच्या वाड्या आणि वाड्यांमधून डोकावणारी उंच चर्च. चिंचोटी त्या चित्रात बसत नाही. तरीही या अभ्यासाकडे चिंचोटीच्या बाजूने यावे, असे मला वाटते. ज्या गावात चर्च चारशे वर्षे उभे आहे तिथे फादर नेमके काय करतात, हे कोणी विचारत नाही. जिथली माणसे काल आली आणि पुढच्या वर्षी खोली बदलणार, तिथे तो प्रश्न उघडावाघडा समोर येतो.

धर्मगुरूंविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बरेचसे दोन टोकांना आहे. एकीकडे रौप्यमहोत्सवी स्मरणिका आणि गौरवांक, ज्यांत प्रत्येक फादर मृदुभाषी आणि अष्टपैलू असतो. दुसरीकडे धर्मांतराच्या वादातले लेखन, ज्यात प्रत्येक धर्मगुरू कोणाचा तरी हस्तक असतो. या दोन्हींच्या मध्ये सोमवार ते शनिवारचा जो माणूस आहे, तो निसटतो. आजाऱ्याच्या घरी जाणारा, दोन भावांच्या बांधाच्या भांडणात बसणारा, रात्री अकराला मयताची खबर आली की चपला घालून निघणारा. वाचकांनी या माणसाकडे लक्ष द्यावे, एवढीच विनंती आहे. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी काही अडत नाही. एका माणसाने दुसऱ्यांच्या सुखदुःखाची जबाबदारी आयुष्यभरासाठी स्वीकारायची, ती कशी आणि कशाच्या बळावर, हे कुतूहल असले की पुरे.

सुरुवात कुठून करावी? माझी सूचना थोडी रूक्ष वाटेल. चर्चच्या कायद्यापासून करावी. कॅथॉलिक चर्चची सध्याची कायदेसंहिता 1983 सालची आहे आणि तिचे 529 वे कलम एखाद्या ललित लेखकाला हेवा वाटावा असे आहे. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीच्या, प्रमुख धर्मगुरूने आपली माणसे ओळखावीत, घरोघरी जावे, त्यांच्या काळज्या नि दुःखे वाटून घ्यावीत, आजारी आणि मरणाला टेकलेल्यांना जपावे, गरीब, एकाकी आणि मायदेशाला पारखे झालेले यांना शोधून काढावे, असा त्याचा आशय आहे. पुढे 533 वे कलम सांगते की त्याने धर्मग्रामातच, चर्चजवळच्या घरात राहावे. सुट्टी घ्यायची तर वर्षाकाठी एका महिन्याहून अधिक नको. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मसभेनेही या राहण्याचा आग्रह धरला होता, कारण त्या काळी युरोपात एका गावाचे उत्पन्न खाऊन दुसऱ्या शहरात राहणारे धर्मगुरू बोकाळले होते. प्रवचन, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संस्कार हे सारे आहेच. पण माणसांत राहणे आणि माणसे ओळखणे ही त्या साऱ्याची अट आहे. मला तरी या सेवेचा गाभा इथेच दिसतो.

हे कागदावर कसे दिसते, ते पाहायचे असेल तर स्नानसंस्काराची नोंदवही पाहावी. एका ओळीत बाळाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममाता नि धर्मपिता, संस्कार देणाऱ्या फादरांचे नाव. शेजारी समास कोरा असतो. त्या समासात पुढे दृढीकरणाची नोंद येते आणि मग विवाहाची. मूल मोठे होऊन पुण्यात किंवा टोरांटोत लग्न करो, तिथल्या चर्चकडून मूळ धर्मग्रामाला कळवले जाते आणि इथला फादर जुनी वही काढून तिच्या समासात ते लिहून ठेवतो. गाव सोडून गेलेल्या माणसाचा धागा असा एका इंचभर कोऱ्या जागेत धरून ठेवलेला असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना या वह्यांचे मोल वेगळे सांगायला नको. कोणत्या घराण्याचे कोणत्या पाड्याशी संबंध होते, हे त्या एरवी कुणी सांगणार नाही इतक्या नेमकेपणाने सांगतात.

आता कागद बाजूला ठेवून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी एखाद्या फादरांबरोबर फिरा. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या नि आजारी माणसांना या दिवशी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, नेण्याची जुनी चाल आहे. घरच्यांनी खाटेजवळच्या टेबलावर पांढरे कापड अंथरलेले असते. वर क्रूस, मेणबत्ती, पेल्यात पाणी. प्रार्थना चार-पाच मिनिटांची. खरी भेट त्यानंतर सुरू होते. गोळ्या बदलल्या का, धाकट्याचा फोन येतो का, सून कामावर गेल्यावर दिवसभर कोण बघते? वसईच्या सामवेदी घरात असाल तर हे प्रश्न सामवेदी बोलीत, कोळीवाड्यात असाल तर तिथल्या बोलीत. धर्मविद्येच्या अभ्यासक्रमात या दहा मिनिटांसाठी वर्षे घातलेली असतात, पण पाहणाऱ्याला ते साध्या गप्पांसारखेच वाटते. तसेच वाटले पाहिजे.

अभ्यासकाला एक कुंपण मात्र कधीच ओलांडता येणार नाही. प्रायश्चित्त संस्कारात पापे कबूल करताना माणूस जे बोलतो ते धर्मगुरूने कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगायचे नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. म्हणजे या सेवेतला कदाचित सर्वांत मोठा भाग कुठेच लिहिलेला नाही आणि लिहिला जाणारही नाही. गौरवांक इतके गोडगोड का होतात, याचे थोडे कारण यातही असावे. जे सांगण्याजोगे आहे ते सांगता येत नाही, मग इमारतींची यादी उरते.

इतिहासाबद्दल थोडे. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा संघांचे धर्मगुरू इथे आले. राज्यसत्तेच्या आश्रयाने आलेल्या त्या धर्मप्रसाराची बाजू उजळ तेवढीच काळवंडलेलीही आहे. ती झाकून अभ्यास होत नाही. पण माझ्या दृष्टीने खरी परीक्षा 1739 नंतरची. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले. आश्रय गेला, किल्ल्यातली भव्य चर्च ओस पडली. तरी वाड्यांमधला श्रद्धाळू समाज टिकला, तो इथल्याच मातीतल्या धर्मगुरूंच्या नि घराघरांतल्या प्रार्थनेच्या बळावर. आणि गंमत अशी की वसईने जगाला दिलेला संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हताच. व्यापार करून पाहिलेला, परक्या भाषा आत्मसात केलेला हा वसईकर फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झाला. सेवा म्हणजे केवळ दीक्षित पुरोहितांचे काम, असे मानणाऱ्यांनी त्याच्याकडे जरूर पाहावे.

मराठी वाचकांना दुसरे एक दार आधीपासून उघडे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. आपण ते भाषेच्या गौरवासाठी आठवतो. पण त्याचा जन्म धर्मशिकवणीच्या वेळी झाला, असे ते काव्यच सांगते. शिकायला बसलेल्यांपैकी एकाने तक्रार केली की पूर्वी आम्हाला ऐकायला पुराणे होती, आता आमच्या हाती काय? इंग्लंडहून आलेल्या त्या धर्मगुरूने ही तक्रार मनावर घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. साहित्याच्या इतिहासात हे क्वचित सांगितले जाते, पण एका श्रोत्याची गरज ऐकून घेणे हा या ग्रंथाचा उगम आहे.

ऐकून घेतल्यावर काय करायचे, हा पुढचा आणि अवघड प्रश्न. 1918 मध्ये मॉन्सेनिअर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने वसईत एक पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. शेतकऱ्याला कर्जाची निकड असते तेव्हा त्याला नुसती प्रार्थना पुरत नाही, हे तेव्हाच्या धर्मगुरूंनी जाणले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याहून पुढे गेले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी वसईला लिहिते-वाचते ठेवले, हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून पाण्याचा बेसुमार उपसा, बिल्डर आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणले आणि 2020 च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. फादरांनी चळवळीत पडावे का, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. माझे मत सांगतो. ज्याच्या धर्मग्रामातल्या विहिरी आटत आहेत त्याला आपली माणसे ओळखण्याचे 529 वे कलम पाळायचे, तर विहिरीत डोकवावेच लागते. मात्र या वाटेवर फादर हळूहळू गावाचा पुढारी होऊन बसण्याचा धोकाही असतो आणि तो वसईला अपरिचित नाही. शिवाय ज्यांच्या खांद्यांवर ही सेवा प्रत्यक्षात चालते, त्या रुग्णालयांतल्या नि शाळांतल्या सिस्टर, धर्मशिक्षण देणाऱ्या बायका, मयताला सर्वांआधी पोचणारे शेजारी, त्यांची नावे कोनशिलेवर सहसा नसतात.

1998 मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला, तेव्हा बिशप थॉमस डाबरे यांच्याकडे आलेली वसई म्हणजे दोन वसया होत्या, आणि अजूनही आहेत. एक वाड्यांची, जिथे फादर तुमच्या आजोबांनाही ओळखतात. दुसरी रेल्वेच्या पूर्वेची नि महामार्गाची, जिथे मिस्साला शेजारी उभा असलेला माणूस कोणत्या राज्यातून आला हेही ठाऊक नसते. ‘मायदेशाला पारखे झालेले’ हे कायद्यातले शब्द चिंचोटीच्या बाजूला आले की पुस्तकी राहत नाहीत. रात्रपाळी करून झोपलेल्या कामगाराकडे कोणत्या वेळी जायचे? ज्याचा पत्ता सहा महिन्यांत बदलतो त्याचे नाव कोणत्या वहीत? या प्रश्नांची तयार उत्तरे कुठल्याच ग्रंथात नाहीत. नव्या अभ्यासकांनी काम करावे अशी जागा हीच.

शेवटी वाचनाचा क्रम. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात करावी, असे मी प्रत्येकाला सुचवतो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रॉटेस्टंट पाळक, नगरचे. वसईच्या परंपरेशी त्यांचा थेट संबंध नाही. पण परक्यांसाठी सदैव उघडे असलेले घर आतून कसे दिसते, त्याची किंमत चुलीपाशी कोण मोजते, हे इतक्या मिस्कील प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही. त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा आणि एकविसावा अध्याय, मग दिब्रिटोंचे ‘नाही मी एकला’. ग्रेगरी महान यांचा सहाव्या शतकाच्या अखेरीचा मेंढपाळकीवरचा ग्रंथ त्यानंतरच घ्यावा. त्याचा पहिला भाग जड गेला तर खुशाल तिसऱ्यावर जावे. तिथे हा पोप गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि खिन्न, लाजरा आणि धीट अशा माणसांच्या जोड्या लावत जातो आणि प्रत्येकाशी वेगळे कसे बोलावे ते सांगतो. एवढे वाचून झाले की एखाद्या धर्मग्रामात जाऊन तिथल्या फादरांची परवानगी घ्यावी आणि पहिल्या शुक्रवारी सकाळी त्यांच्याबरोबर निघावे. वही नेऊ नये.