भिंतीतील ओल : निदानाचा इतिहास

भिंतीतील ओल हा विषय सामान्यतः गवंड्याकडे सोपविला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे क्वचितच पाहिले आहे. वस्तुतः भिंतीत पाणी निरनिराळ्या वाटांनी येते. ते जमिनीतून केशाकर्षणाने वर चढते, पावसाबरोबर बाहेरून मुरते, फुटक्या पन्हळीतून अथवा नळातून झिरपते, किंवा घरातील दमट हवा थंड भिंतीस लागून तिच्यावर दवाप्रमाणे साचते. मराठीत या सर्वांस ‘ओल’ हा एकच शब्द आहे, आणि इंग्रजीतही स्थिती फारशी निराळी नाही. शब्दाचा हा सैलपणा उपायांतही उतरलेला दिसतो.

रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियस याने इ. स. पूर्व पहिल्या शतकातील आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ओलसर जागी गिलावा कसा करावा हे सांगितले आहे. तळमजल्यावर जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत वाळूऐवजी खापरीचा चुरा वापरावा. भिंत सतत ओलीच राहत असेल, तर तिच्यापासून किंचित अंतरावर दुसरी पातळ भिंत उभारावी, मधल्या पोकळीच्या तळाशी पन्हळ ठेवावी आणि खाली व वर हवेस वाट द्यावी. पाणी कोंडण्यापेक्षा त्यास बाहेर जाऊ देणे, हे या योजनेचे मर्म होय.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये प्रश्नाला वेगळे स्वरूप आले. कामगारवस्त्यांतील घरांच्या विटांच्या भिंती जमिनीतील पाणी शोषीत. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर १८७७ मध्ये जे नमुना उपनियम प्रसिद्ध झाले, त्यांत भिंतीच्या पायथ्याशी शिसे, अस्फाल्ट अथवा सिमेंटात बसविलेल्या स्लेटी पाटांचा ओलरोधक थर घालण्यास सांगितले होते. उपाय साधा आणि गुणकारी होता. परंतु हे उपनियम स्वीकारणे स्थानिक मंडळांच्या इच्छेवर होते. शिवाय पुढे अंगणात मातीची भर पडली किंवा फरसबंदी उंच झाली, की पाणी थराला वळसा घालून वर चढे. अशा वेळी माती खणून काढणे एवढाच खरा उपाय असे. तथापि तो कोणाला मोलाचा वाटत नसे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ओलीचे कारणच पालटले. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कोळशाच्या उघड्या शेगड्या मागे पडल्या आणि धुराडी बुजविली गेली. घरातील वाफ ज्या वाटेने बाहेर जात असे ती वाटच बंद झाली. खिडक्या घट्ट बसू लागल्या. काँक्रीटच्या नव्या सदनिकांच्या थंड कोपऱ्यांत बुरशी धरू लागली. जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविला, तेव्हा त्याच्या भेगांतून पाऊस आत गेला व आतील पाणी मात्र सुकेनासे झाले. लोणा पाहून दोष जमिनीतील पाण्याला दिला गेला.

याच काळात भिंतीत रसायन टोचून ओलरोधक थर निर्माण करण्याचा धंदा वाढला. गहाण-कर्ज देणाऱ्या संस्था ओलीची तपासणी मागत, आणि ती बहुधा उपाय विकणारी मंडळीच करीत. त्यांच्या हातातील विद्युत्मापक मुळात लाकडासाठी जुळविलेला असे. भिंतीत क्षार असले तरी तो ओल दाखवी. भिंतीतून खोलवर नमुना काढून तो वजन करून वाळविणे अधिक विश्वसनीय होते, परंतु त्यास वेळ लागे. रोग्याची परीक्षा औषधविक्रेत्याने करावी तसाच हा प्रकार होता.

चुकीच्या निदानाचा दुसरा प्रकार याहून गंभीर ठरला. हवेतील वाफेची ओल ही भाडेकऱ्याच्या राहणीचा दोष आहे, असे सांगण्याची रीत पडली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे एका भाडेकरू कुटुंबाने २०१७ पासून बुरशीची तक्रार केली. त्यावर रंग द्यावा असे त्यास सांगण्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये त्या घरातील दोन वर्षांचा मुलगा श्वसनविकाराने मरण पावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने त्याचे कारण घरातील बुरशीचा दीर्घकाळ झालेला संसर्ग हे असल्याचा निर्णय दिला. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांतील हवेची सोय अपुरी असल्याचेही चौकशीत निष्पन्न झाले. २०२३ च्या सामाजिक गृहनिर्माण कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. तीनुसार अशा घरांतील धोक्याची चौकशी व दुरुस्ती ठरावीक मुदतीत करणे ही घरमालक संस्थेची जबाबदारी झाली.